कणकवलीपर्यंत हात

परबबाईंचा हात कणकवलीपर्यंत टिकला, की तो डबा पास.

हे एकदम सांगून कुणाला कळायचं नाही, म्हणून आधी डबा सांगते. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, जिना चढून गेल्यावर कोपऱ्यातला गाळा होता. तिथे आम्ही बायका गाडीतल्या टेपचा आवाज वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर बनवायचो. बाजारात त्याला बूस्टर म्हणत. विटेएवढा काळा डबा, पाठीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, आतली गर्मी बाहेर टाकायला. ऐंशीनंतरची ती वर्षं. टॅक्सीवाल्यापासून नव्या मारुतीवाल्यापर्यंत सगळ्यांना गाडीत दणका पाहिजे होता. डाग लावायला, म्हणजे सोल्डरिंगला, आम्ही पुष्कळजणी. पण तयार डबा तपासायला एकच परबबाई. त्यांनी मागच्या पत्र्यावर नेलपॉलिशचा लाल टिपका दिला की माल पॅकिंगला जायचा. टिपका नाही तर माल नाही.

मी परभणीकडची. सातवीत आई गेली आणि शाळा सुटली. पुढं भावंडं मोठी करण्यात माझं वय निघून गेलं. मुंबईला मामीच्या ओळखीनं आले तेव्हा भीती एवढी, की रस्ता ओलांडायला सुद्धा कुणाच्या तरी मागं मागं जायची. गाळ्यात पहिल्या दिवशी डाग देताना हात थरथरायला लागला. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बुटकी, काळीसावळी बाई, घट्ट अंबाडा, नऊवारी नाही पण पदर कमरेला नऊवारीसारखाच खोचलेला. त्या परबबाई.

"खयसून इलंस गो?"

मला कळलंच नाही. मग म्हणाल्या, "गाव, गाव खंयचा?"

"परभणीकडचं."

"ता खय इला?" आणि माझ्या हातातली डागणी काढून घेऊन खाली ठेवली. "आधी जेव. उपाशी हात हलता."

मी उपाशी आहे हे त्यांना कसं कळलं, ते मी पुढं कधी विचारलं नाही. डब्यातली भाकरी अर्धी मोडून त्यांनी माझ्यापुढं सरकवली. सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. मी तोवर मासा खाल्ला नव्हता. त्या दिवशी खाल्ला.

त्यांचं टेबल खिडकीशी होतं. गाडीची एक बॅटरी, एक जुना टेप आणि पाण्यानं भरलेलं जर्मनचं पातेलं. तपासताना स्पीकर लावायचा नाही, असा तिथला रिवाज. दिवसभर दणका कोण ऐकणार? स्पीकरच्या जागी शेगडीच्या हीटरची कॉइल तोडून जोडलेली, ती पाण्यात बुडवलेली. डबा आपली सगळी ताकद त्या कॉइलीत ओतायचा आणि पाणी कोमट व्हायचं. एवढंच. वाजवायच्या यंत्राची परीक्षा, आणि आवाज नाही. डागणीनं आणि वयानं बाईंची बोटं आखडायची. त्या मधूनमधून टेप बंद करून पातेल्यात बोटं बुडवून बसायच्या. "ह्या डब्यांची पुण्याई," म्हणायच्या.

पातेल्यात सारख्या मापाच्या दोन कॉइली होत्या. एक जोडली की चार ओहमचा भार, दोन्ही शेजारी शेजारी जोडल्या की दोन ओहमचा. मला वाटायचं, दोन म्हणजे चारापेक्षा हलकं. तिथं नवीन आलेली प्रत्येकजण हेच समजायची. बाजारातले फिटर सुद्धा.

"उलटा असता ता," बाई म्हणाल्या. "आकडो उतारलो की भार चढता. चाळीच्या टाकीक एक नळ असलो तर पाणी बेतान जाता. दोन नळ लावलंस तर दुप्पट धावता. टाकी तेवढीच. तिचो जीव जाता."

मग पट्ट्यांवर पालथी बोटं ठेवायच्या आणि ओठ हलायला लागायचे. पनवेल, पेण, नागोठणे, माणगाव, महाड. घड्याळ बघणं त्यांना आवडायचं नाही. डबा अर्धा तास चालवून झाला की त्यावर हात ठेवून, मुंबईहून त्यांच्या गावापर्यंतचे एस्टीचे थांबे एका लयीत म्हणायचे. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली. कणकवली येईपर्यंत हात ठेवता आला, तर डबा गाडीत सीटखाली चालेल. मधेच हात उचलावा लागला तर डबा नापास. "हो महाडाकच उतारलो," म्हणून बाजूला सारायच्या. सगळ्याजणी हसायच्या.

मला शिकवताना त्यांनी मला कणकवली म्हणू दिलं नाही. "तुझ्या गावाक जा." मग मी मनमाड, औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत करत परभणीला पोचायची. दिवसातून कितीदा तरी मी अशी घरी जाऊन यायची. परक्या शहरात तेवढ्यानं जीव थाऱ्यावर राहिला, हे बाईंना कळत असणार.

टिपका द्यायची त्यांची पद्धत ठरलेली. ब्रशावरचं जास्तीचं नेलपॉलिश डाव्या करंगळीच्या नखावर पुसायचं आणि मग पत्र्यावर टिपका. त्यामुळे ते एकच नख कायम लालभडक. बाकी बाईंच्या अंगावर नटण्याची एक खूण नव्हती.

शेजारच्या गाळ्यात पत्र्याची प्रेस चालायची. धाड, धाड, दिवसभर. बोललेलं ऐकू यायचं नाही. बाई आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि हळूहळू आम्हाला ते वाचता यायला लागलं. ही विद्या गिरणीची. त्यांचे यजमान, परबकाका, गिरणीत साचेखात्यात होते. तिथे मागाच्या खडखडाटात माणसं ओठांवरूनच बोलतात, आणि बरीच वर्षं काढली की कानच जातात. काकांचे गेले होते. मग संप झाला, गिरणी बंद पडली आणि बहिरेपण तेवढं घरी आलं.

मी तोवर मामीकडं राहायची. तिचं घर बदललं तेव्हा बाईंनी मला असल्फ्याला आपल्या खोलीत नेलं. माळ्यावर जागा दिली. तिथं मी त्यांचा संसार बघितला. काका सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, डबा घेऊन निघायचे. गिरणीच्या बंद फाटकासमोर बसायचे. संध्याकाळी परत. बाई रोज डबा भरून द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "काका कुठं जातात, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"कामाक जातत," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

काका बोलायचे मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. बाई त्यांच्याशी बोलायच्या नुसत्या ओठांनी. त्यामुळे भांडण झालं की एकाच बाजूचं ऐकू यायचं. शेजारीण म्हणायची, "परबांचो फोन लागलो वाटता." बाईंना ओठांनी बोलता यायचं, पण दुसऱ्याचे ओठ वाचणं बेताचंच, काका मोठ्यानंच बोलायचे, तेव्हा कधी गरजच पडली नाही. वाचायचं काम काकांचं. लांबून, काचेतून, आरशातून, कसंही त्यांना वाचता यायचं.

आता ती ऑर्डर सांगते.

शेठ वाईट नव्हता. स्वतः डागणी धरलेला माणूस, काम जाणणारा. एका दुपारी चहाचे ग्लास घेऊन बाईंच्या टेबलाशी आला. प्रेस बंद होती म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"बाई, मोठी ऑर्डर आहे. पण पार्टीला डिकीत दोन वूफर लावायचेत, एकाच बूस्टरवर."

"दोन लावले तर दोन ओहम झाले."

"माहीत आहे."

"हो डबो चाराचो आसा."

"बाई, मला शिकवू नका यार. मी पण हात लावून बघितलाय." शेठ खाली बसला. "जाड पट्ट्या घातल्या तर डबा सीटखाली जात नाही. पार्टी दुसरीकडे जाते. या महिन्यात दुसरी ऑर्डर नाही. गाळा बंद करावा लागेल, हे घाबरवायला नाही सांगत. शेवटी आलेल्या आधी जातील, मग बाकीच्या."

शेवटी आलेली मी होते.

बाईंनी दुसरी कॉइल जोडली. टेप लावला. अर्ध्या तासानं बोटं ठेवली. पनवेल. पेण. हात उचलला. परत ठेवला. परत पेणपर्यंतच. त्यांनी बोटं पातेल्यात बुडवली; पाणी त्या दिवशी नेहमीपेक्षा गरम असणार, पण काढली नाहीत. मान वर करून एकेकीकडं बघितलं. माझ्यापाशी नजर जरा थांबली. मग बाटलीचं झाकण उघडलं.

शेठ चहाचे ग्लास उचलत म्हणाला, "चालतात हो, बाई. कोण फुल आवाजात तासभर लावतो?"

बाईंनी दुसरी कॉइल सोडवली. त्या ऑर्डरचे सगळे डबे त्यांनी एका कॉइलीवर तपासले, सगळे कणकवलीला पोचले, सगळ्यांना टिपका लागला. आमचा गाळा चालू राहिला. दिवाळीला आम्हाला मिठाई मिळाली. बाईंनी आपला पुडा माझ्या हातात दिला.

"तुम्हाला नको?"

"गोड लागत नाय अलीकडे."

थंडी सरता सरता शेठ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. टेबलावर ठेवलं, तरी जळक्या रबराचा वास गाळाभर झाला. बूस्टर होता. एका बाजूनं पत्रा वाकलेला, पट्ट्यांवर गालिचा वितळून चिकटलेला. मुलुंडच्या चेकनाक्याला गाड्यांच्या रांगेत एक टूरिस्ट गाडी उभी होती, सीटखाली जाळ झाला. ड्रायव्हरनं पेटती वायर हातानं ओढून काढली. गाडी वाचली. त्याचे हात गेले.

"फिटरची चूक आहे," शेठ परत परत म्हणत होता. "फ्यूज उडत होता म्हणून त्या गाढवानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधली. तार बांधली नसती तर काही झालं नसतं."

"फ्यूज कित्याक उडत होतो?" बाईंनी विचारलं.

शेठनं टेबलावर सांडलेली काजळी वर्तमानपत्रात गोळा केली.

बाईंनी डबा उलटा केला. मागच्या पत्र्यावर टिपका होता. लाल राहिला नव्हता, चिंचोक्यासारखा तपकिरी झाला होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ तसंच ठेवलं. डबा तर गार होता.

"हो माझो," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोन वूफरच्या मालावर त्यांनी टिपका दिला नाही. शेठनं वाद घातला नाही. रबरी शिक्का करून आणला, 'ओके' असा. तो पॅकिंगच्या टेबलावर ठेवला. ज्या मुलीला वेळ असेल ती मारायची. बाईंना पॅकिंगला बसवलं. पातेल्यातलं पाणी आटत गेलं, कुणी भरलं नाही.

बाईंनी ड्रायव्हरचा पत्ता मिळवला. बबन त्याचं नाव. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी वस्तीत राहायचा, बायको आणि तान्ही मुलगी. पहिल्या रविवारी बाईंनी मला बरोबर घेतलं. वाटेवर म्हणाल्या, "आज जातंय आणि सांगतंय. हातपाय धरतंय त्याचे. जोड्यान मारलो तरी चलात."

बबन खाटेवर बसला होता. पट्ट्या निघाल्या होत्या, पण बोटं एकमेकांकडं वळून आखडलेली, कातडी ताणून शिवल्यासारखी. त्याच्या बायकोनं आम्ही कंपनीकडून आलोय असं समजून चहा ठेवला. बाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बबनच म्हणाला, "गाणं काय वाजायचं, मावशी! झकास! छाती हलायची. पॅसेंजर म्हणायचे, बबन, तुझ्या गाडीत बसलं की लग्नाला निघाल्यागत वाटतं."

बाईंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग ओठ हलले. आवाज नाही. मी वाचलं: *हो टिपको माझो.* बबन त्यांच्याकडं बघत होता. त्याला ओठ वाचता येत नव्हते.

मग बाईंनी त्याच्या बायकोला पाणी गरम करायला सांगितलं. परातीत त्याचे दोन्ही हात घेतले आणि एकेक बोट हळूहळू उलगडायला लागल्या. डॉक्टरनं तसं करायला सांगितलं होतं, पण बायकोचं धाडस होत नव्हतं, बबन ओरडायचा. बाईंच्या हातात तो ओरडला नाही. दात आवळून बसला. बाई त्याला म्हणाल्या, "थांबे म्हण. पनवेल, पेण." त्याचं गाव साताऱ्याकडं. तो पनवेलनंतर पुण्याकडं वळायचा.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. प्रत्येक वेळी चढण चढताना बाई म्हणायच्या, "आज सांगतलंय," म्हणजे आज सांगणारच. उतरताना काहीच बोलायच्या नाहीत. बबनचा अंगठा हलायला लागला, मग पहिलं बोट. त्यापुढं गेलं नाही. पेला धरता यायचा, स्टिअरिंग नाही.

एका रविवारी बाई बाहेर स्टोपाशी पाणी बघत होत्या. बबननं मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाला, "ताई, मावशींना बोलू नका. मला ठाऊक आहे."

मी दाराकडं बघितलं. "काय?"

"रोज फडकं मारायचो मी त्या डब्यावर. मागं लाल टिपका होता. मला वाटायचं, शुभ आहे. सकाळी गाडी काढताना हात लावायचो त्याला, देवाला लावावा तसा." तो थांबला. "पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात धरले ना, तेव्हा करंगळी दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"आधी राग होता. म्हटलं, येऊ दे दर आठवड्याला, बघू दे माझे हात. तीच शिक्षा." बाहेर स्टोचा आवाज बंद झाला. बबन घाईनं म्हणाला, "राग गेला असं नाही. पण त्या आल्या नाहीत तर रविवार निघत नाही. मला ठाऊक आहे हे कळलं तर त्या यायच्या नाहीत. तुम्हाला शप्पथ आहे."

बाई पातेलं घेऊन आत आल्या. मी शपथ पाळली. एका बाजूला बाई आणि त्यांचं 'आज सांगतलंय', दुसऱ्या बाजूला बबन; दोघांमधे मी परात धरून बसायची.

बाई खंगत गेल्या. जेवण कमी झालं. डाव्या करंगळीचं नख ब्लेडनं खरवडून खरवडून पांढरंफटक केलं होतं, तरी खरवडायच्या. काकांनी एक दिवस फाटकाला जायचं सोडलं, घरीच बसले, त्यांच्याकडं बघत. मग मोठ्यानं, चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गावाक जावया." बाई नाही म्हणाल्या नाहीत. खोली भावकीतल्या एकाला दिली, त्यातही माझा माळा राहू द्यायचं बोलून घेतलं.

दुपारची गाडी होती, कुर्ल्याच्या एस्टी स्टँडवरून. मी पिशव्या वर चढवल्या, पाया पडले, खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. बाई खिडकीत, काका पलीकडं. काच अडकलेली, सरकेना. इंजिन सुरू होऊन घरघरत होतं, कंडक्टर ओरडत होता, पोरं रडत होती. बाईंनी उजवा हात काचेवर टेकला. पालथा, पट्ट्यांवर ठेवायच्या तसा. आणि ओठ हलवले.

*त्याका सांग. माझ्यान झाला नाय.*

मला आता राहवेना. शपथ होती, पण बाई परत येणार नव्हत्या हे उघड होतं, आणि बबनची शपथ त्यांच्या येण्यासाठीच होती. काचेजवळ तोंड नेऊन मी शब्द तोडून तोडून ओठ हलवले. त्याला ठाऊक आहे. पहिल्या रविवारपासून.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. वाचता आलं नाही. मान हलवून विचारलं, काय? मी परत म्हटलं. करंगळी दाखवली, नख दाखवलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. गाडीनं गचका दिला.

पण त्यांच्या खांद्यावरून काका माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला हाताचा पंजा दाखवला. साचेखात्यात धागा तुटला की माग थांबवायला दाखवतात तसा. बस, पोचलं. मग त्याच हातानं बाईंची हनुवटी धरली, त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं, आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं आयुष्यभर बाई त्यांच्याशी जशा बोलल्या तसं, आवाज न काढता, अगदी जवळून, सावकाश, एकेक शब्द सांगायला सुरुवात केली.

बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. अंबाडा दिसत होता, आणि काचेला टेकलेला उजवा हात. गाडी फाटकातून वळून रस्त्याला लागेपर्यंत तो हात त्यांनी उचलला नाही.